वेफर्सचं पाकीट पुन्हा पाकीट का होत नाही

रात्री खोलीतले दिवे घालवा. वेफर्सचं रिकामं पाकीट कात्रीने कापून सपाट करा, छपाई पुसट असलेला एखादा कोपरा शोधा आणि मागून मोबाइलचा टॉर्च अगदी चिकटवून धरा. आतली चंदेरी बाजू बघून वाटतं, हा तर धातूचा पत्रा, यातून उजेड कसला जातोय. पण जातो. अंधुक, राखाडी-निळसर ठिपका दिसतो. हाच टॉर्च आता गोळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्ट्रिपमागे धरा. मिट्ट काळोख.

स्ट्रिपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची खरीखुरी पट्टी असते. वेफर्सच्या पाकिटात असते ती अ‍ॅल्युमिनियमची गोठलेली वाफ. निर्वात यंत्रात धातू उकळवतात, प्लास्टिकची फिल्म त्यावरून वेगाने सरकते आणि तिच्यावर जेमतेम ३०-५० नॅनोमीटरचा थर बसतो. माणसाच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ. एवढ्याशा थरामुळे फरसाण चार-सहा महिने खवट होत नाही.

पाकिटात हा थर एकटा नसतो. बाहेरून पॉलिप्रोपिलीनची पारदर्शक फिल्म, तिच्या आतल्या अंगाला शाई, मग डिंकासारखं चिकटद्रव्य (बहुधा पॉलियुरेथेन), मग अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली दुसरी फिल्म आणि सगळ्यात आत उष्णतेने चिकटणारा थर. शाम्पूच्या पुडीत बाहेर पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि आत पॉलिथिन. तेलाच्या पिशवीत अनेकदा मध्ये नायलॉन. तुमच्या हातातली वस्तू एक दिसते, पण ती तीन-चार वस्तूंचं कायमचं लग्न असतं आणि घटस्फोटाची सोय मुद्दामच ठेवलेली नसते. थर सुटले तर पाकीट फसलं, म्हणून चिकटवणाऱ्याने सगळी विद्या पणाला लावलेली असते.

इथे पाकिटाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मूठभर वेफर्स काही ग्रॅमच्या वेष्टनात महिनोन्‌महिने टिकतात. तेच काचेच्या बरणीत भरायचे तर बरणीचंच वजन वेफर्सच्या कितीतरी पट आणि ट्रकचं डिझेल ती बरणी वाहण्यात जळणार. तयार केलेलं अन्न वाया गेलं की शेतापासून कढईपर्यंतची सगळी ऊर्जा वाया जाते. म्हणजे हे पाकीट वापरात असेपर्यंत पर्यावरणाच्या हिशेबात बरंच शहाणं असतं. रिकामं झालं की त्याचा शहाणपणा संपतो.

आता दुधाची पिशवी घ्या. ती पॉलिथिनचीच, दुसरं काही नाही. भंगाराच्या भाषेत ‘एलडी’. धुवायची, तुकडे करायचे, वितळवायची आणि दाणा पाडायचा. या दाण्यापासून पुन्हा पिशवी, पाइप, ताडपत्री. याला यांत्रिक पुनर्चक्रीकरण म्हणतात. प्लास्टिकचे रेणू तसेच राहतात, फक्त आकार बदलतो. पाकिटाला हे जमत नाही, कारण पॉलिथिन साधारण ११०-१३० अंश सेल्सिअसला वितळतं आणि पीईटीला २५० च्या वर न्यावं लागतं. कमी तापवलं तर पीईटीचे खडे तसेच राहतात, जास्त तापवलं तर पॉलिथिन खराब व्हायला लागतं. समजा दोन्ही वितळली, तरी तेल आणि पाण्यासारखी एकमेकांत मिसळत नाहीत. थंड झाल्यावर मिळतो तो ठिसूळ, राखाडी गोळा. त्याचे फार तर फळकुटासारखे पत्रे किंवा बाक होतात.

रसायनशास्त्र मैदानात उतरतं ते इथे. ‘रासायनिक पुनर्चक्रीकरण’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून त्या आधी सुट्या करतो. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की डोळ्यांसमोर आणा.

चिक्की गरम पाण्यात टाकली तर गूळ विरघळतो, दाणे तळाशी राहतात. पाणी आटवलं की गूळ परत. विद्रावक वापरून प्लास्टिक वेगळं करण्याची पद्धत हीच. एक द्रव फक्त पॉलिथिन विरघळवतो, दुसरा फक्त मधला थर. मग गाळायचं, द्रव आटवायचा, प्लास्टिक परत. इथे रेणू तुटत नाहीत, म्हणून काटेकोर लोक याला ‘रासायनिक’ म्हणतच नाहीत. तरी चर्चेत ते त्याच खात्यावर पडतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिथिन, ईव्हीओएच (हवा अडवणारं प्लास्टिक) आणि पीईटी अशा तीन थरांची व्यापारी फिल्म अशी सोडवून जवळपास सगळं प्लास्टिक परत मिळवून दाखवलं. खर्च कुठे येतो? पाणी आटवण्यात. प्रत्येक किलो प्लास्टिकमागे कित्येक किलो द्रव तापवायचा, थंड करायचा आणि एक थेंबही न गमावता पुन्हा वापरायचा.

दुसरी पद्धत काही ठरावीक प्लास्टिकांनाच चालते. पीईटी किंवा नायलॉन यांची साखळी अशा जोडांनी बनलेली असते, की मिथेनॉल, ग्लायकॉल किंवा पाण्याने ते जोड नेमके उकलता येतात. मूळ घटक सुटे होतात, शुद्ध करून पुन्हा नवी साखळी बांधता येते. पॉलिथिन-पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत असे सोयीचे जोड नाहीत आणि आपली बहुतेक पाकिटं मुख्यतः त्याचीच.

तिसरी पद्धत पायरोलिसिस. चिक्की बंद डब्यात हवेशिवाय तापवत न्यायची, सगळ्याची वाफ होऊ द्यायची आणि ती थंड करून तेल गोळा करायचं. प्लास्टिकसाठी तापमान ४०० ते ६०० अंशांच्या आसपास. ऑक्सिजन नसल्याने ते जळत नाही, लांब साखळ्या तुटून तेल, वायू आणि काजळीसारखा कोळसा उरतो. आणखी खोल उतरायचं तर गॅसिफिकेशन: थोडाच ऑक्सिजन देऊन, आणखी तापवून सगळ्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करायचा. जपानमध्ये कावासाकीला २००३ पासून एका कारखान्यात प्लास्टिकच्या कचऱ्यातून असा हायड्रोजन काढून अमोनिया बनवतात. तो कारखाना व्यवस्थित चालतो. पण प्लास्टिक तिथे परत प्लास्टिक होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

‘मिश्र कचरा चालतो, काहीही टाका’ ही जाहिरात मुख्यतः पायरोलिसिसची असते. इथे थोडं थांबू, कारण खरी मेख इथे आहे.

एक टन स्वच्छ पॉलिथिन-पॉलिप्रोपिलीनमध्ये चुकून एक किलो पीव्हीसी आलं असं धरा. एखादा ब्लिस्टर पॅक, एखादं जुनं टेबलकव्हर. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. म्हणजे त्या एका किलोमुळे टनात ५७० ग्रॅम क्लोरीन शिरलं: दहा लाखात ५७० भाग. त्यातलं बरंचसं हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होऊन निघतं आणि जाता जाता नळ्या खातं. उरलेलं तेलात मुरतं. ज्या क्रॅकरमध्ये हे तेल घालून पुन्हा प्लास्टिकचा कच्चा माल करायचा, तिथे क्लोरीनची मर्यादा दहा लाखात मोजक्या भागांची असते. पीईटीचा त्रास वेगळा. त्याच्या वजनाचा एक तृतीयांश ऑक्सिजन. त्यातून निघणारी आम्लं थंड नळीत पांढऱ्या मेणासारखी साचून वाट बुजवतात. नायलॉन आणि चिकटद्रव्यातला नायट्रोजन तेलात उतरतो. शाईतले रंग, उरलेलं तेल-मीठ, अ‍ॅल्युमिनियम, ओल, माती ही आणखी वेगळी मंडळी. थोडक्यात, जी पाकिटं कुणालाच नको म्हणून पायरोलिसिसकडे वळवायची, तीच पायरोलिसिसलाही नको असतात. त्यालाही हवं असतं ते निवडलेलं, धुतलेलं, कोरडं पॉलिथिन. आणि तसं पॉलिथिन मिळालं, तर दाणा पाडणारा ते दारातच रोख पैसे देऊन उचलतो.

उताऱ्याचं गणितही करून बघू. आकडे ढोबळ आहेत. १०० किलो चांगला माल भट्टीत घातला, तर ७० किलोच्या आसपास तेल धरा. बाकीचा वायू बहुतेक तिथेच भट्टी तापवायला जळतो. ते तेल क्रॅकरमध्ये गेलं की त्यातून इथिलीन आणि प्रोपिलीन हे प्लास्टिकचे मूळ घटक मिळून साधारण ४५ टक्के हाती येतं. म्हणजे १०० किलो मालातून नव्या प्लास्टिकपर्यंत पोचले तीसेक किलो. बाकीचं इतर रसायनं, इंधन आणि धूर यांत वाटलं गेलं.

शिवाय हे तेल क्रॅकरमध्ये एकटं घालत नाहीत. कच्च्या तेलातून निघणाऱ्या नेहमीच्या नाफ्थ्यात थोडंसं मिसळतात, नाहीतर यंत्र बिघडायचं. मग बाहेर येणाऱ्या लाखो टन मालातला ‘पुनर्चक्रित’ दाणा कोणता? कुणीच सांगू शकत नाही. म्हणून हिशेब वहीत होतो. गावच्या दूध संकलन केंद्राचं उदाहरण घ्या. हजार लिटरच्या टाकीत कुणी दहा लिटर देशी गाईचं दूध ओतलं. दूध मिसळून गेलं, पण केंद्राला दहा लिटरवर ‘देशी गाईचं’ असं लेबल लावायची मुभा आहे. या पद्धतीला मास बॅलन्स म्हणतात. रिलायन्सच्या जामनगरच्या कारखान्याने प्लास्टिकच्या कचऱ्याच्या तेलापासून बनवलेला दाणा अशाच प्रमाणपत्रासह बाजारात आणला. भारतात असं करणारी ती पहिली कंपनी. ही पद्धत मला फसवणूक वाटत नाही, विजेच्या ग्रिडमध्येही हेच चालतं. पण इंधन म्हणून जळून गेलेला भागसुद्धा वहीत प्लास्टिकच्या खात्यावर चढवायची सूट दिली, तर तो घोटाळाच. जगभर याच्या नियमांवर जे भांडण चालू आहे ते नेमकं यावर.

आता पैशांकडे. त्यासाठी प्रयोगशाळा सोडून शेडमध्ये जायला हवं. पुण्यात एका वर्गीकरण शेडमध्ये काम करणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं, की ही चमकणारी पाकिटं बाजूला का टाकता. त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. “दादा, बाटल्या चाळीस-पन्नास उचलल्या की किलो भरतो. या पुड्या किती उचलू?”

लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं वजन २०-२५ ग्रॅम. शाम्पूच्या रिकाम्या पुडीचं ग्रॅमभर. म्हणजे एका किलोसाठी हजार वेळा वाकायचं, आणि त्या किलोला भंगारवाला देणार काय, तर नकार. मिश्र प्लास्टिकच्या अर्थशास्त्रावर मी बरंच वाचलंय, पण मावशींच्या त्या एका वाक्यात बसलं नाही असं त्यात थोडंच होतं.

हा धडा एका मोठ्या कंपनीनेही गिरवला आहे. युनिलिव्हरने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर क्रियासॉल्व्ह नावाची विद्रावकाची पद्धत घेतली आणि २०१७ मध्ये इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या सिदोआर्जो इथे खास शाम्पू-साबणाच्या पुड्यांसाठी प्रायोगिक कारखाना उभारला. पुडीतलं पॉलिथिन विरघळवून त्याचीच नवी पुडी करायची, अशी कल्पना. एक किलो नवं प्लास्टिक बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात सहा किलो परत मिळेल, असा दावा होता. तंत्र चाललं. पुडीतून पॉलिथिन निघालं. पण पुड्या गोळा करणं, निवडणं, स्वच्छ करणं परवडलं नाही आणि दोनेक वर्षांत प्रयोग गुंडाळला गेला. २०२१ मध्ये रॉयटर्सने ते उघड केलं. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. आपण चर्चा करतो रेणू तोडण्याची आणि पैसे संपतात ते गल्लीतून पुडी उचलण्यात.

अमेरिकेतली गोष्ट दुसऱ्या टोकाची. इंडियाना राज्यातल्या अ‍ॅशली गावी वर्षाला १ लाख टन मिश्र प्लास्टिक पचवणारा पायरोलिसिसचा मोठा कारखाना जाहीर झाला. क्षमतेच्या जवळपासही तो पोचला नाही आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. अशा कारखान्यांची लढाई नव्या प्लास्टिकशी असते. कच्चं तेल स्वस्त झालं, आशियात नवे पेट्रोकेमिकल प्रकल्प सुरू झाले की नवा दाणा स्वस्त होतो. कचरा वेचायचा, धुवायचा, वितळवायचा, शुद्ध करायचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

पर्यावरणाचं गणित याहून चकवणारं आहे, कारण उत्तर ‘कशाच्या तुलनेत?’ यावर ठरतं. एक किलो पॉलिथिन जाळलं की ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हा साधा रसायनाचा हिशेब आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. पायरोलिसिसचं तेल बॉयलरमध्ये किंवा जनरेटरमध्ये जळलं तरी शेवटी तोच धूर, फक्त वळसा घेऊन. त्यामुळे प्लास्टिकपासून डिझेल बनवण्याला पुनर्चक्रीकरण म्हणणं मला पटत नाही. आपल्या नियमांनाही ते पटलेलं नाही, हे विशेष. १६ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने उत्पादकांच्या जबाबदारीची जी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात कचऱ्यापासून तेल, रस्त्यात मिसळणं आणि सिमेंटची भट्टी हे सगळं पुनर्चक्रीकरणात न धरता ‘आयुष्याच्या अखेरची विल्हेवाट’ या खात्यात आहे.

तुलना उघड्यावरच्या कचराडेपोशी केली तर चित्र पालटतं. २०१६ मध्ये देवनारचा डेपो पेटला तेव्हा मुंबईवर जो धूर पसरला, त्यापेक्षा कुठलीही बंदिस्त, धुराडं नीट असलेली भट्टी बरीच. तुलना सिमेंटच्या भट्टीशी केली तर? पॉलिथिनमध्ये आपल्याकडच्या कोळशाच्या दुपटीहून जास्त उष्णता असते, भट्टी चौदाशे अंशांच्या वर तापते आणि राखसुद्धा क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं त्या खड्यांत, मुरते. तेवढा कोळसा वाचतो. महागडी पायरोलिसिस यंत्रणा लावून तेल काढायचं आणि तेही जाळायचंच असेल, तर पाकीट थेट सिमेंटच्या भट्टीत गेलेलं काय वाईट, हा प्रश्न मला रास्त वाटतो. अर्थात भट्ट्या चुनखडीच्या खाणींजवळ असतात, आपल्याकडे चंद्रपूरकडे. पुण्याचं पाकीट तिथपर्यंत न्यायचं म्हणजे शेकडो किलोमीटर हलकाफुलका माल वाहायचा. आणि निव्वळ हवामानापुरतं पाहिलं, तर नीट बांधलेल्या भराव-क्षेत्रात पुरलेलं प्लास्टिक कार्बन शेकडो वर्षं धरून बसतं. हे वाचायला बरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

तुलना नव्या प्लास्टिकशी केली तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्लास्टिकचं पुन्हा प्लास्टिक करण्याचे मार्ग एकाच मापाने मोजले. यांत्रिक पद्धत सगळ्यांत सरस ठरली. पायरोलिसिस आणि गॅसिफिकेशनचे आर्थिक आणि पर्यावरणीय आकडे नव्या प्लास्टिकपेक्षाही १० ते १०० पट वाईट निघाले. विद्रावकाच्या पद्धती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. आपली वीज अजून मुख्यतः कोळशावरची, तेव्हा इथे हे अंतर आपोआप कमी होईल असं समजू नये.

आणि भट्टीशेजारी राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आकड्यांत येतच नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात टायरच्या पायरोलिसिसचे कारखाने आहेत. टायर म्हणजे पाकीट नव्हे, पण क्रिया तीच. काजळी, वास आणि अपघात यांबद्दल तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. कागदावर बंदिस्त असलेली प्रक्रिया झाकण उघडताना, कोळसा उपसताना बंदिस्त राहत नाही.

मग हे सगळं बंद करावं का? नाही. दोन जागी मला त्याचा खरा उपयोग दिसतो. एक, खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी. दाणा पाडलेल्या मिश्र एलडीला वास असतो, आधीच्या वापराचे अंश असतात; त्यात पुन्हा अन्न भरता येत नाही. रेणू तोडून नव्याने बांधले की ती अडचण राहत नाही. दुसरी जागा पाकिटं बनवणाऱ्या कारखान्यातच आहे. छपाई आणि लॅमिनेशन करताना कडांच्या पट्ट्या कापल्या जातात, रोल फसतात. हा कचरा कोरडा, स्वच्छ, एका जागी असतो आणि त्यात कोणते थर आहेत हे मालकाला ग्रॅमपर्यंत माहीत असतं. विद्रावकाला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. सिदोआर्जोला जे परवडलं नाही ते इथे फुकट मिळतं.

घराघरांतल्या पाकिटांसाठी मात्र उत्तर कचऱ्याच्या टोकाला सापडणार नाही, ते पाकीट आखणाऱ्याच्या टेबलावर आहे. कायद्याने हे एकदा करून पाहिलं होतं. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत पुनर्चक्रीकरण न होणारी बहुस्तरीय वेष्टनं दोन वर्षांत बंद करा असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये त्यात ‘किंवा ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही’ अशी भर पडली. प्लास्टिक जळतं, म्हणजे ऊर्जा मिळते. त्या एका ओळीतून जवळपास सगळी पाकिटं सुखरूप बाहेर आली.

तरी आता काही कंपन्या सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करू लागल्या आहेत. पॉलिथिनच विशिष्ट दिशेने ताणून कडक करायचं, त्यावर छापायचं आणि आत मऊ पॉलिथिन लावायचं. असं पाउच दुधाच्या पिशवीबरोबर दाण्यात जाऊ शकतं. तज्ज्ञांना विचारलं तर अडचण हवेच्या रोधाची, यंत्राच्या वेगाची, किमतीची सांगतील.

मावशींनी वेगळीच सांगितली. शेडमध्ये निवड होते ती हाताने आणि कानाने. पिशवी बोटांत चुरगाळायची. गुपचूप चेपली, ताणली गेली तर एलडी. कुरकुरली तर पाकीट, ते तिकडच्या ढिगात. मी पिशवीतून एकाच प्लास्टिकचं नवं पाउच काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाशी नेऊन चुरगाळलं. ते कुरकुरलं. त्यांनी तिकडच्या ढिगात टाकून दिलं.